‘आठ दिवसांत फरक’ : सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासातील घातक प्रकरणे

पारिजातक (धागाकर्ती)

तुळशीबाग असो वा उपनगरातील एखादे पार्लर, गोरेपणाच्या क्रीमबद्दल गिऱ्हाईक विचारते तो प्रश्न ठरलेला असतो : फरक पडेल ना? विकणाऱ्याचे उत्तरही ठरलेले असते : आठ दिवसांत पडेल. मी रासायनिक विश्लेषणाच्या क्षेत्रात काम करते, आणि तो फरक नेमका कशामुळे पडेल हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही, याची मला बरीच वर्षे काळजी वाटत आली आहे. या उद्योगाचा गेल्या दोन-तीन शतकांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. ज्या प्रसाधनांनी माणसे मेली, आंधळी झाली किंवा पांगळी झाली, त्यांतील बरीचशी प्रसाधने जाहिरातीत सांगितलेले काम चोख करत होती. त्यांचा गुण आणि त्यांचे विष एकाच पदार्थात होते.

अठराव्या शतकातील युरोपात चेहरा पांढरा करण्यासाठी सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा क्षार, वापरला जात असे. सफेद्याइतका घट्ट आणि गुळगुळीत थर त्या काळी दुसरा कोणताही पदार्थ देत नव्हता. काही काळाने त्याखालची त्वचा खराब होई, आणि ते डाग झाकण्यासाठी आणखी जाड थर चढवला जाई. लंडनमध्ये सौंदर्यासाठी गाजलेली मारिया गनिंग, म्हणजेच काउंटेस ऑफ कॉव्हेंट्री, 1760 मध्ये वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारली, आणि तिचा बळी या सफेद्याने घेतला असे मानले जाते.

विसाव्या शतकात कारखाने आले, जाहिराती आल्या, आणि विषे अधिक नेमकी झाली. अमेरिकेत 1930 च्या सुमारास ‘कोरेमलू’ नावाचे केस काढण्याचे क्रीम विकले जात होते. त्यात थॅलियम ॲसिटेट होते. थॅलियमने केस गळतात हे वैद्यकाला ठाऊक होते. डोक्यातील नायट्यावर उपचार करताना मुलांचे केस काढण्यासाठी ते पोटातून देतही असत. परंतु थॅलियम लावलेल्या जागीच थांबत नाही, ते अंगात भिनते. ओठावरची लव काढण्यासाठी क्रीम लावणाऱ्या स्त्रियांच्या डोक्याचे केस गेले, पायांत असह्य वेदना सुरू झाल्या, काहींना पक्षाघात झाला. दाव्यांच्या ओझ्याखाली कंपनीचे दिवाळे निघाले, पण तिच्यावर कारवाई करता येईल असा संघराज्याचा कायदाच अस्तित्वात नव्हता, कारण अमेरिकेच्या 1906 च्या अन्न व औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नव्हता.

त्याच काळातील ‘लॅश ल्युअर’ हे पापण्या आणि भुवया काळ्या करण्याचे प्रसाधन. त्यात पॅराफिनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, या वर्गातील रंग होता. त्यामुळे काही स्त्रियांच्या डोळ्यांना भीषण इजा झाली, एकीची दृष्टी कायमची गेली आणि एकीचा मृत्यूही झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1933 मध्ये अशा उत्पादनांचे एक प्रदर्शनच भरवले, आणि वृत्तपत्रांनी त्याला भयदालन म्हटले. त्या प्रदर्शनात एका स्त्रीची लॅश ल्युअर वापरण्यापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे लावली होती. तरीही कायदा व्हायला पाच वर्षे लागली, आणि तोही झाला तो वेगळ्याच दुर्घटनेमुळे : 1937 मध्ये सल्फानिलामाइडच्या एका विषारी द्रव औषधाने शंभरावर माणसे दगावली, त्यांत पुष्कळ मुले होती, आणि 1938 मध्ये औषधांबरोबर सौंदर्यप्रसाधनेही कायद्याच्या कक्षेत आली. त्या कायद्यातही कोळशाच्या डांबरापासून बनणाऱ्या केसांच्या रंगांना (पीपीडी त्यांतलाच) सवलत मिळाली : डब्यावर इशारा आणि आधी चाचणी घेण्याची सूचना छापली, की पुरे.

या जुन्या प्रकरणाची खूण आजही पुण्यातील कोणत्याही दुकानात सापडते. काळ्या मेंदीचा किंवा केसांच्या रंगाचा डबा हाती घ्या आणि बारीक अक्षरांतील मजकूर वाचा. आधी त्वचेवर चाचणी घ्यावी, आणि हा रंग पापण्यांना किंवा भुवयांना लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकते, असा इशारा तिथे असतो. आपल्या नियमांनुसार तो इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही छापणे बंधनकारक आहे. तो रंग पुष्कळदा तोच असतो : पीपीडी.

आपल्याकडे 1940 चा कायदा मुळात केवळ औषधांसाठी होता. सौंदर्यप्रसाधने त्यात 1962 च्या दुरुस्तीने आली, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र नियमावली व्हायला 2020 साल उजाडले. पाऱ्याची संयुगे असलेली प्रसाधने बनवण्यास आपल्याकडे बंदी आहे. 2020 च्या नियमांत अपवाद म्हणून डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत परिरक्षक म्हणून वापरलेल्या पाऱ्याची मर्यादा दहा लाख भागांत 70 भाग, आणि इतर प्रसाधनांत नकळत आलेल्या पाऱ्याची केवळ 1 भाग ठेवली आहे. नियम कडक आहे. तरीही उत्पादकाचा पत्ता नसलेल्या, बॅच क्रमांक नसलेल्या, परदेशी लिपीतील डब्या बाजारात येतच राहतात. पाऱ्याचा क्षार त्वचेतील टायरोसिनेज या विकराला अडवतो, रंगद्रव्य बनणे मंदावते आणि चेहरा खरोखर उजळतो. आठ दिवसांत फरक पडतो तो असा.

शनिवारकर

माहितीपूर्ण लेखन. तरीही माझे एक निरीक्षण नोंदवतो. आमच्या वाड्यात काजळ घरी धरले जाई : एरंडेलाचा दिवा, त्यावर तांब्याचे भांडे, आणि काजळी धरली की तीत थोडे तूप. हळकुंडे, लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांपासून कुंकू होई. केसांना शिकेकाई, दिवाळीला उटणे. चैनीची वस्तू म्हटली तर अफगाण स्नो या क्रीमची एखादी बाटली, आणि तीही मुंबईत बनणारी स्वदेशी वस्तू. यांतून कोणाचे डोळे गेल्याचे आम्ही ऐकले नाही. सगळा अनर्थ कारखानदारीने आणि जाहिरातींनी केला, असे माझे स्पष्ट मत आहे. आजची पिढी शंभर नावांची रसायने तोंडाला फासते आणि मग तक्रार करते.

पारिजातक

शनिवारकर काका, काजळ आणि हळदीचे कुंकू यांबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु परंपरेतील सगळ्याच वस्तू त्या पंक्तीत बसत नाहीत. मारुतीला लावतात तो शेंदूर मुळात शिशाचा ऑक्साइड आहे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. सुरमा पुष्कळदा गॅलेना या खनिजाची पूड असतो, म्हणजे शिशाचे सल्फाइड. हे पदार्थ कोणत्याही कारखान्याच्या आधीपासून वापरात आहेत, आणि हिंगूळ व गॅलेना तर निसर्गात सापडणारी खनिजेच आहेत. अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यू जर्सीतील तसेच मुंबई व दिल्लीतील दुकानांतून घेतलेले सिंदूर तपासले गेले. न्यू जर्सीच्या नमुन्यांपैकी 83 टक्क्यांत आणि भारतातील नमुन्यांपैकी 78 टक्क्यांत ग्रॅममागे निदान 1 मायक्रोग्रॅम शिसे आढळले. काही नमुन्यांतील प्रमाण तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मर्यादेच्या पुष्कळ पुढे होते. रांगणारे मूल आईच्या कपाळाला हात लावते आणि तोच हात तोंडात घालते, आणि लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळी कोणतीही नाही.

त्यामुळे जुने विरुद्ध नवे अशी विभागणी मला उपयोगाची वाटत नाही. घरी केलेल्या कुंकवात काय घातले हे करणारीला ठाऊक असे. आज पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. खरा बदल तिथे झाला आहे.

त्वचावैद्य

मी पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. कुंकवाची चर्चा निघाली आहे तर टिकलीबद्दल लिहिते, कारण तिने केलेले नुकसान मी जवळून पाहते.

वर्षानुवर्षे रोज टिकली लावणारी स्त्री तपासणीला येते. कपाळाच्या मध्यभागी, टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग असतो, आणि त्याची कड कंपासने आखावी तशी गोल असते. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचा पदार्थ असू शकतो. त्याची रचना त्वचेतील टायरोसिनशी मिळतीजुळती असते, त्यामुळे रंगपेशी त्याला आत घेतात आणि मरतात. पुष्कळदा आधी खाज येते, लाली येते. मग ती डागावर आणखी मोठी टिकली लावते. हा डाग संसर्गजन्य नाही, आणि नेहमीच्या कोडापेक्षा याचे कारण वेगळे आहे, हे मी सांगते, परंतु तोवर घरात कुजबुज होऊन गेलेली असते आणि धाकट्या बहिणीचे ठरत आलेले लग्न लांबणीवर पडलेले असते. टिकली लगेच बंद केली तर काहींचा रंग परत येतो. उशीर झाला तर डाग राहतो, आणि कधी तो टिकलीच्या कक्षेबाहेरही पसरतो. या रसायनाविषयी त्वचाविज्ञानाच्या भारतीय नियतकालिकांतून अनेक दशके लिहिले गेले आहे. तरीही टिकलीच्या पाकिटावर गोंदातील घटक छापलेले मी पाहिलेले नाहीत.

दुसरा प्रकार स्टिरॉइडचा. बीटामेथासोनसारखी मलमे इसब किंवा सोरायसिस यांसाठी मोजके दिवस वापरायची असतात. चेहऱ्यावर लावली की लाली उतरते, रंग उजळतो, मुरूमही दबतात, म्हणून मैत्रिणीने सांगितले, औषधाच्या दुकानदाराने दिले, असे करत ती महिनोन्‌महिने वापरली जातात. मग त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, हनुवटीवर केस येतात, उन्हात आग होते. मलम थांबवले की चेहरा भडकतो, आणि त्या भीतीने रुग्ण पुन्हा तेच मलम लावते. पारिजातक यांनी मांडलेला मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो : औषध काम करते, म्हणून ती त्यात अडकते. आमच्या व्यावसायिक संघटनेने याविरुद्ध दीर्घकाळ पाठपुरावा केला, आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातले. दुकानात प्रत्यक्ष काय घडते ते आपण सगळे जाणतो.

पाऱ्याबद्दल इतकेच जोडते, की तो मूत्रपिंडांना धरतो. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळात मेंब्रेनस नेफ्रोपथी, म्हणजे मूत्रपिंडातील गाळणीच्या एका आजाराचे 22 रुग्ण पाहिले. त्यांपैकी 15 जणांत या आजाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. आपल्या राज्यात अकोल्यातील एकाच घरातील तिघींचे मूत्रपिंडाचे आजार अशाच क्रीमशी जोडले गेल्याचे 2023 मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. चेहरा उजळत असतानाच पायांवर सूज येत असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर क्रीम बंद करून, डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

अवनी_बाणेर

ताई, पण ज्यात पारा नाही, स्टिरॉइड नाही, अशी मोठ्या कंपन्यांची क्रीमे तरी निर्दोष म्हणायची का? फेअर अँड लव्हली 1975 मध्ये बाजारात आले. त्यातील निआसिनामाइड हे एक जीवनसत्त्वच आहे, त्याने कोणाचे मूत्रपिंड बिघडत नाही. परंतु सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, लग्न ठरत नाही, मग ती क्रीम लावते आणि सगळे मार्गी लागते, हीच गोष्ट त्या जाहिरातींनी एका संपूर्ण पिढीला सांगितली. विषारी डबीला गिऱ्हाईक मिळते ते या पार्श्वभूमीमुळे. काळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक संस्थेने 2014 मध्ये ठरवले. क्रीमच्या नावातील ‘फेअर’ मात्र 2020 मध्ये, जगभर वर्णभेदाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरल्यानंतर गेले. आपल्या वर्तमानपत्रांतील ‘वधू पाहिजे’ सदरात ‘गोरी, सुस्वरूप’ हे शब्द अजून आहेत.

आणखी एक विषय. आयशॅडो आणि लिपस्टिक यांतील चमक पुष्कळदा अभ्रकाची असते. झारखंडमधील कोडर्मा आणि गिरिडीह भागांत बंद पडलेल्या खाणींच्या आसपास माणसे अभ्रकाचे तुकडे वेचतात, या तुकड्यांना तिथे ढिबरा म्हणतात, आणि वेचणाऱ्यांत लहान मुले असतात. बिळे ढासळून मुले दगावल्याचे एका आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेने 2016 मध्ये उघड केले, आणि पुढच्याच वर्षी कंपन्यांनी एकत्र येऊन सुधारणेसाठी संस्था काढली. माझ्या मते घटकांची यादी वाचताना हेही विचारले पाहिजे, की हा घटक कोणाच्या हातांनी वेचला.

पारिजातक

अवनी, पूर्णपणे मान्य. गोरेपणाची मागणी घडवणारे आणि पाऱ्याची डबी विकणारे वेगळे असले, तरी दुसऱ्याचा धंदा पहिल्याने तयार केलेल्या जमिनीवर चालतो.

कोथरूडची_वैशाली

मी पार्लर चालवते, म्हणून थोडे संकोचानेच लिहीत आहे. केराटिन आणि स्मूदनिंग या केस सरळ, गुळगुळीत करण्याच्या प्रकारांची मागणी लग्नसराईत इतकी असते, की नाही म्हणणे परवडत नाही. पूर्वी जे द्रव येत, त्यांची वाफ इस्त्री फिरवताना डोळ्यांत जाई. माझ्या पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींना खोकला येई, डोळ्यांतून पाणी वाहे. एका पुरवठादाराने दिलेल्या बाटलीवर घटकांचा कागदच नव्हता. विचारले तर ‘सगळीकडे हेच चालते’ असे उत्तर मिळाले. त्याच्याकडून माल घेणे मी थांबवले. आता सगळे ‘फॉर्मॅलिनमुक्त’ लिहून येते, आणि घटकांत ग्लायऑक्झिलिक ॲसिड असते. ते सुरक्षित समजावे का? खरे उत्तर हवे आहे, कारण रोज ती वाफ आम्ही घेतो, गिऱ्हाईक वर्षातून एकदा येते.

त्वचावैद्य

वैशालीताई, आपण हा प्रश्न आपल्या मुलींच्या वतीने विचारलात, याचा मला आदर वाटतो. फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्मॅल्डिहाइडचे पाण्यातील द्रावण. फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध आहे, आणि ‘मेथिलीन ग्लायकॉल’ असे लिहिलेले असले तरी इस्त्रीच्या उष्णतेने बाहेर पडतो तो फॉर्मॅल्डिहाइडच. ग्लायऑक्झिलिक ॲसिडची अडचण वेगळी आहे. ते टाळूतून शोषले जाऊन शरीरात त्याचे ऑक्झलेट होऊ शकते, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. फ्रान्समधील डॉक्टरांनी 2024 मध्ये एका सव्वीस वर्षांच्या स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली : तीन वेळा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली. तेच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांतही स्फटिक सापडले. इस्रायलमधूनही अशी प्रकरणे नोंदली गेली आहेत.

म्हणून माझे उत्तर, सुरक्षित समजू नये. अगदीच करावे लागले तर द्रव टाळूला लागू देऊ नका, खिडकी उघडी ठेवा, आणि टाळूवर जखम किंवा जळजळ असलेल्या व्यक्तीला स्पष्ट नकार द्या. नंतर उलट्या, पाठीत किंवा पोटात दुखणे असे काही झाले, तर त्याच दिवशी क्रिॲटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कळवणारा रक्तातील घटक, तपासायला सांगा.

शनिवारकर

चर्चा वाचून माझ्या मनात एक प्रश्न आला. आमच्या घरी तान्ह्या बाळांना पावडर लावण्याची पद्धत होती, ती आम्ही कंपनीच्या नावावर विश्वास ठेवून पाळली. त्याबाबत काय समजावे?

पारिजातक

काका, पावडरीच्या इतिहासात दोन वेगळी प्रकरणे आहेत. पहिले फ्रान्समधील 1972 चे. ‘मोरांज’ नावाच्या बालपावडरीत कारखान्यातील चुकीमुळे हेक्झाक्लोरोफिन हे जंतुनाशक सहा टक्क्यांहून अधिक मिसळले गेले. लंगोटाच्या जागची त्वचा सोललेली असते, तिथून ते मेंदूपर्यंत पोहोचले आणि 36 बाळे दगावली. दुसरे आहे टाल्कचे. टाल्क आणि कर्करोग घडवणारे ॲस्बेस्टॉस ही खनिजे जमिनीत पुष्कळदा शेजारी सापडतात, त्यामुळे भेसळीचा धोका खाणीपासूनच असतो. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनवर हजारो दावे झाले. कंपनीने आरोप नाकारले, मात्र टाल्कयुक्त बालपावडरीची विक्री अमेरिका व कॅनडात 2020 मध्ये आणि जगभर 2023 मध्ये थांबवली.

याच कंपनीच्या मुलुंड येथील कारखान्याबाबत आपल्याकडे घडले त्याचा पुण्याशी थेट संबंध आहे, आणि तिथे प्रश्न ॲस्बेस्टॉसचा नव्हता. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पुणे आणि नाशिक येथे पावडरीचे नमुने घेतले होते. त्यांचा सामू ठरलेल्या मर्यादेत नसल्याचा निष्कर्ष निघाला. नमुना 2018 अखेरचा आणि परवाना रद्द करण्याचा आदेश सप्टेंबर 2022 चा. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये तो आदेश रद्द केला. मधल्या काळात फेरतपासलेले नमुने निकषांत बसले होते, आणि प्रशासनाने लावलेल्या विलंबावर न्यायालयाने ताशेरे ओढले. मला खटकते ती ही दिरंगाई. पावडर खरोखर सदोष असती तर इतक्या वर्षांत ती किती घरांत वापरून संपली असती, आणि निर्दोष होती तर कंपनीवर अन्याय झाला.

बाळाला पावडरीची वैद्यकीय गरज नसते, एवढे बालरोगतज्ज्ञ सांगतातच.

अवनी_बाणेर

मग आपण सामान्य गिऱ्हाइकांनी डबीवर संशय आला तर करायचे तरी काय? फेकून देण्यापलीकडे काही मार्ग आहे का?

पारिजातक

आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 नुसार स्वतः विकत घेतलेले प्रसाधन ठरलेले शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीला देण्याचा आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळवण्याचा हक्क कोणाही व्यक्तीला, तसेच मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला आहे. त्यासाठी बिल मागून घ्या, कारण वस्तू आपण विकत घेतली हे दाखवावे लागते. डबी पूर्ण वापरू नका, दुसऱ्या भांड्यात काढू नका, खोका आणि बॅच क्रमांक असलेली पट्टी जपून ठेवा. अर्जात कोणत्या घटकाचा संशय आहे ते नेमके लिहा : गोरेपणाच्या क्रीमसाठी पारा आणि स्टिरॉइड, कुंकू-सिंदुरासाठी शिसे. वैशालीताई, घटकांचा कागद नसलेली ती बाटली आपल्याकडे अजून शिल्लक असेल आणि बिल सापडत असेल, तर अर्जाचा मसुदा करून देण्याची माझी तयारी आहे. मला व्यक्तिगत निरोप पाठवा.